खांद्याला हात

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे लकीदादा म्हणत, आणि त्या नावाने त्याच्या डोक्यात तिडीक जाई. दोर तुटूनही तो वाचला होता, हे खरं. पण का वाचला? सोबतचा दुसरा दोर त्याने स्वतः बांधून, ओढून पाहिला होता म्हणून! हे ऐकतो कोण? उतरण्याआधी जो तो त्याच्या खांद्याला हात लावी आणि गाठ न बघताच निर्धास्त कठडा ओलांडी. गेल्या वर्षी रंगारीकाका असाच हात लावून उतरला, तो पुन्हा वर आलाच नाही.

"मी काय ताईत आहे?" लकीदादा ओरडे. माणसं हसत आणि पुन्हा हात लावत.

आता त्याच्या हाताखाली मेव्हणा आला होता. "एकुलता एक भाऊ आहे माझा, तुमच्या भरवशावर पाठवतेय," असं बायकोने बजावलं होतं. म्हणून त्या दुपारी गच्चीवर लकीदादाने मेव्हण्याचा हात झटकून टाकला.

"खांदा नाही, गाठ बघ."

मेव्हण्याने तोंड वाकडं केलं, पण गाठ बघून उतरला. वारा पडला होता. साबणाच्या पाण्याचा वास येत होता आणि खालून काच घासल्याचा कुईकुई आवाज. मग तो आवाज थांबला. दोरही हलेना.

"काय रे… ठीक आहेस ना?"

लकीदादा दोराकडे धावला. तो दोर ओढणार, इतक्यात मेव्हणा स्वतःच कठड्यावर चढून आला. स्वारी खुशीत होती.

"दाजी, तुमचं नाव आता मला. सगळे माझ्या खांद्याला हात लावून गेले."

"खाली… कोण होतं तुझ्याजवळ?"

"नावं कुठे माहीत मला? एक म्हातारा होता, अंगभर रंगाचे डाग…"

भीती वाटायच्या आधी लकीदादाचा संताप झाला. इतका घसा कोरडा करून सांगायचं, आणि मेलेल्यांनीही तेच करायचं! मेव्हण्याच्या खांद्यावर ओल्या पंजांचे ठसे होते, एकावर एक. ते पुसून टाकायला त्याने हात टेकवला.

आणि छातीतला इतक्या वर्षांचा धाक एकदम गेला. आपल्याला काही होणार नाही, असं अगदी आतून वाटलं. इतकं हलकं त्याला कधीच वाटलं नव्हतं. त्याने दोर कमरेला अडकवला आणि पाय कठड्यापलीकडे टाकला.

"दाजी… गाठ?"

"राहू दे रे," तो हसून म्हणाला.

खाली पाय टेकायला काहीच नव्हतं. तरी त्याच्या तळव्याखाली कुणीतरी अलगद हात धरला.