चिठ्ठीवरचे नाव

छिन्नीखालून उडालेली कपची नेमकी तिच्या कॉफीत पडली.

"दगड फोडताय की शेजारी?"

वेन्डेलने मान वर केली. न्यू हॅम्पशायरमधल्या त्या बंद खाणीबाहेर, टाकाऊ दगडांच्या उतारावर, मे महिन्यातल्या काळ्या माश्यांना हाताने वारत ती उभी होती.

"माफ करा... मी दुसरी कॉफी—"

"राहू द्या. अभ्रकच आहे." कपची बोटाने काढून तिने घोट घेतला. "मी ओडील. माझ्या आजोबांनी याच खाणीत बावीस वर्षं सुरुंगाची भोकं पाडली. त्यांनी काय काय टाकून दिलं, ते बघायला येते मी."

हे ती अशा ताठ मानेने म्हणाली, की बादलीवर बसलेला वेन्डेलही नकळत सरळ झाला. गेली सहा वर्षे तो या ढिगात दुर्मीळ फॉस्फेट खनिजे शोधत होता. पण खनिज-संग्राहक मंडळात नमुन्यासोबत ठेवतात त्या एकाही चिठ्ठीवर शोधक म्हणून त्याचे नाव लागले नव्हते. मंडळाचे सर्वांत जुने सभासद अ‍ॅम्ब्रोस त्याला दर वर्षी विचारत, "घरापर्यंत रस्ता करतोयस का रे? खडी तर रग्गड नेतोस."

दिवसभर दोघे शेजारी बसले. ती दगड ओला करून उन्हात तिरपा धरी, एक डोळा मिटे... आणि वेन्डेलचा घाव चुके.

निघताना शब्दकोड्याच्या पानात गुंडाळलेला एक दगड तिने त्याच्या बादलीत ठेवला. "माझी बादली भरली. खाली उतरलो की घेते. न विचारता फोडायचा नाही हं."

हा संग्राहकांचा जुना नियमच होता. पण खाली तिचा भाऊ गाडीचा भोंगा वाजवत होता. ती धावत गेली, आणि दगड राहिला.

आठवड्याने वेन्डेल तळघरात एकेक पुडके सोडून दगड उकलायच्या यंत्राच्या जबड्यात धरत होता. लक्ष मात्र त्या मिटलेल्या डोळ्यापाशी होते. दांडा फिरला, दगड उकलला, आणि मगच त्याला पायाशी पडलेले पान दिसले. जांभळ्या शाईने भरलेले शब्दकोडे!

तिचाच दगड, आणि न विचारता फोडलेला. तरीही त्याने उकललेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मोहरीहून लहान, तपकिरी, गोखरूसारखे काटेरी गोळे... व्हिटमोराइट, दुर्मीळ फॉस्फेट. या खाणीत ते आजवर कुणालाही मिळाले नव्हते.

विद्यापीठातून खात्री होऊन आली, तेव्हा तो चिठ्ठी लिहायला बसला. खनिज, खाण, तारीख. शेवटची ओळ – शोधक. त्या पानाखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. बराच वेळ लेखणी कागदावर तशीच टेकून राहिली. मग त्याने मंडळाच्या मेमधल्या खाण-सहलीच्या यादीतून आडनाव शोधले आणि लिहिले, 'ओडील तिबो'.

मंडळाच्या ऑक्टोबरच्या सभेत त्याने डबी तिच्यापुढे सरकवली. "तुमचा आहे. मी... न विचारता फोडला."

ती सूक्ष्मदर्शकावर वाकली, ती कितीतरी वेळ उठलीच नाही. "आजोबांच्या खाणीतला?"

"पहिलाच."

तिने डोळे पुसले, चिठ्ठी वाचली आणि हनुवटी उंचावली. "हे चुकलंय. मला दान चालत नाही."

"दगड तुम्ही उचलला होता."

"आणि बघितला कुणी? मी तर हातोड्याने चुरा केला असता."

"भांडा, भांडा," मागून अ‍ॅम्ब्रोस म्हणाले. "तोवर डबी मी नेतो."

तिने जांभळी लेखणी काढली आणि आपल्या नावाखाली त्याचे नाव लिहिले. वेन्डेलने ते दोनदा वाचले.

"आता माझं शब्दकोडं?"

"ते... माझ्याकडे आहे."

"दगड परत आणलात, आणि कागद ठेवून घेतलात?"

त्याचा हात खिशाकडे गेला. घड्या झिजलेले पान बाहेर आले.

"पाच महिने खिशात?"

"शर्ट बदलत होतो," तो पुटपुटला.

ती खळखळून हसली, आणि मग अचानक तिचा आवाज हळू झाला. "ठेव तुझ्याकडेच. पुढच्या मेमध्ये मात्र... एकच बादली आणू या."

चिठ्ठीवरची शाई ओली होती. दोन्ही नावांवरून त्याने सावकाश फुंकर घातली. मग डबी उचलून पहिल्या टेबलावर मधोमध ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.