पेटी लहान घेतली

लेक आठ महिन्यांची झाली तसं मी घरूनच काम सुरू केलं. काम विझलेल्या ताऱ्याच्या पोटातलं: अणुगर्भांचा दाट चिखल, त्याभोवती इलेक्ट्रॉनांचा वायू, आणि दोघं एकमेकांना कसे ढकलतात याचं कॉम्प्युटरवरचं गणित. अख्खा तारा मावणार कुठे? म्हणून एक छोटी पेटी घ्यायची आणि चहूबाजूंना तिच्याच प्रती आहेत असं मानायचं. उजव्या भिंतीतून जे बाहेर पडेल, ते त्याच क्षणी डावीतून आत. प्रत्येक पेटीत सगळं तेच, तसंच.

"फार लहान पेटी घेऊ नकोस," सरांनी बजावलं होतं. "वस्तू स्वतःच्याच प्रतीला शिवते."

मी लहानच घेतली. मोठ्या पेटीचं गणित तीन आठवडे चाललं असतं, आणि इथे लेकीचं पोट बिघडलेलं.

चौथ्या दिवशी दुपारी स्क्रीन पाहिला. अणुगर्भांचे गोळे विरघळून लांब, ओशट दोऱ्या झाल्या होत्या. एक दोरी उजवीकडून बाहेर गेली होती आणि डावीकडून येऊन स्वतःच्याच शेपटाला चिकटली होती. नासक्या दुधाला सुटते तशी तार.

तेवढ्यात लेक ओकली. पाळण्यालगतच्या उजव्या भिंतीवर गुठळ्या उडाल्या. फडकं घेऊन गेले तर भिंत कोरडी. समोरच्या, डावीकडच्या भिंतीवरून तेच ओघळत होतं, आंबूस आणि अजून कोमट.

"आई, इकडे या ना जरा!"

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "ओकीला एवढं नाक मुरडतेस? आम्ही हाताने निपटायचो. शिकलेल्या आया गं बाई!"

"अहो, पण इतक्या लांब उडेल कशी?"

"तोफ आहे माझी नात," म्हणत त्या दार ओढून गेल्या.

डावी भिंत पुसली, उजवी ओली झाली. उजवी पुसली, तर डावीवरची धार आता जाड होती आणि तिच्यात एक लांब केस होता. माझ्या केसाएवढा.

मला एकच सुचलं. लेकीला इथून बाहेर काढायचं.

तिला खांद्यावर टाकलं, दार उघडलं, उंबरा ओलांडला आणि पुन्हा त्याच खोलीत आले. तोच पाळणा. तोच घशात बसणारा दर्प.

पुन्हा दार. पुन्हा खोली.

"आई!" मी ओरडले. माझीच हाक पाठीमागून आली.

तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा पुढे एक बाई पाठमोरी चालली होती. अंगावर माझेच कपडे. तिच्या खांद्यावरून तिची लेक माझ्याकडे बघून हसली. हनुवटीवरून दुधाची चिकट तार लोंबत होती.

माझी लेकही माझ्यामागे कुणाला तरी बघून हसली.

मी थांबले. पुढचीही थांबली. नियम मला ठाऊक होता. मी हलले नाही, तर मागचीही हलणार नाही.

कानामागे नासक्या दुधाचा वास आला. दोन ओली बोटं माझ्या मानेला घासून गेली.

लेक मागून उचलली गेली, खांदा हलका झाला.

मी तर हात उचललाच नव्हता.

पुढचीच्या खांद्यावरची पोर अजून हसत होती. किळस गिळून मी हात पुढे केले.

ती पोर सवयीने माझ्याकडे आली.