नाथूजींची डुग्गी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर हसा आणि पुढे जा, मला राग नाही. पण निम्मी माझ्या आईने सांगितलेली आहे आणि निम्मी मी माझ्या कानांनी ऐकलेली. आणि आई खोटं बोलणारी बाई नव्हती.

साल १९५६. ज्येष्ठातली दुपार. उज्जैनला देवास गेटच्या मागची एक अरुंद गल्ली.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, हे मलाही कळतं. पण हे भर दुपारीच घडलं... आणि दर वेळी दुपारीच घडत राहिलं.

तेव्हा गावातली सरकारी खबर नाथूजी आणायचे. नळ कधी येणार, देवीची लस कुठे टोचणार, कार्तिक मेळ्यात दुकानं कधी लागणार. आपण दवंडी म्हणतो, उज्जैनला मुनादी. गळ्यात डुग्गी, म्हणजे छोटा ढोल, अडकवून ते प्रत्येक दारासमोर थांबायचे, खबर सांगायचे. घरातून कुणीतरी "सुन लिया" म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचे नाहीत.

लोक कधी मुद्दाम गप्प बसून मजा बघायचे. नाथूजी उन्हात उभे. पुन्हा डुग्गी, पुन्हा तीच खबर.

आमच्या घरातून उत्तर द्यायचा मान सुलूचा होता. सुलू माझी थोरली बहीण. चार वर्षांची. मी तिला पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. डुग्गी वाजली की हातातला घास टाकून ती दाराशी पळायची आणि गल्ली दणाणून सोडायची. नाथूजी कमरेत वाकून म्हणायचे, "बाईसाब ने सुन लिया, अब हम चले."

त्या ज्येष्ठात शहरात हैजा, म्हणजे पटकीची साथ आली. विहिरीचं पाणी पिऊ नका, अशी मुनादी निघाली. नाथूजींनी सकाळपासून सगळे मोहल्ले पालथे घातले. शेवटी आमची गल्ली राहिली होती.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना ऊन लागलं आणि ते कोसळले. लोक धावले, तोंडावर पाणी मारलं. आमच्याच विहिरीचं.

नाथूजी उठले नाहीत. खबर त्यांच्याबरोबर गेली.

गल्लीने त्या दिवशीही विहिरीवर घागरी भरल्या. आठवडा संपायच्या आत सुलू गेली.

तिचे दिवस झाले. पाहुणे पांगले. एका दुपारी आई एकटीच भांडी घासत होती, आणि गल्लीच्या तोंडाशी...

डुग... डुग... डुग...

पालिकेने अजून दुसरा माणूस नेमला नव्हता.

डुग्गी पहिल्या दाराशी थांबली. पाठोपाठ खबर यायला हवी होती. एक शब्दसुद्धा आला नाही. नुसती शांतता...

आतून कुणीतरी सवयीने म्हणालं, "सुन लिया." डुग्गी पुढे सरकली. पुढच्या घरानेही तसंच म्हटलं. त्याच्या पुढच्याही.

मग ती आमच्या दाराशी थांबली.

आईने दार उघडलं. समोर ऊन. रिकामी गल्ली. आणि हातभर अंतरावर डुग्गी वाजत होती... वाजवणारं कुणी नव्हतं.

मग ती रोज येऊ लागली. एकदा बाबा घरी होते, त्यांनी मोठ्याने "सुन लिया" म्हणून पाहिलं. डुग्गी हलली नाही. कलत्या उन्हापर्यंत दारातच वाजत राहिली.

शेजारच्या माईंनी आईला बाजूला घेतलं. "अगं सुनंदा, तो सुलूसाठी रुकलाय. तू तिची आई, तूच बोलून टाक. बिचाऱ्याची छुट्टी होऊन जाईल."

आई बोलली नाही. माझी पोर गेल्यावर खबर आणतोस, आता उभा राहा उन्हात, असं तिच्या मनात होतं. हे तिनेच मला सांगितलं.

नोव्हेंबरात मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला. बाबांची कचेरी भोपाळला हलली, आई-बाबाही हलले. सुटलो, असं बाबांना वाटलं.

पुढच्या ज्येष्ठात, भोपाळच्या सरकारी क्वार्टरच्या दाराशी...

डुग... डुग...

ती मी लहानपणापासून ऐकत आले. आता रोज नाही, दर ज्येष्ठात एक दुपार. आई दार उघडून उंबऱ्यावर बसायची आणि आवाज थांबेपर्यंत उठायची नाही. मोठी झाल्यावर मी एकदा चिडून म्हटलं, किती वर्षं ताटकळवणार आहेस त्याला?

आई म्हणाली, "आधी राग होता गं. आता नाही. पण तो गेला, तर सुलूची वाट बघणारं माझ्याशिवाय कोण उरेल?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आई यंदाच्या माघात गेली. मी ठरवलं होतं, ज्येष्ठात आपणच म्हणून टाकायचं आणि हे मिटवायचं.

डुग्गी आली. मी फ्लॅटचं दार उघडलं. जिना रिकामा...

तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आईचा चेहरा समोर येत होता.

तेवढ्यात माझ्या हाताखालून कुणीतरी पुढे घुसलं. माझी नात, रेवा. आत चित्र रंगवत बसली होती. तिला यातलं कुणी कधी काही सांगितलेलं नाही. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि सगळा जिना दणाणून सोडला.

"सुन लिया."

डुग्गी सरकली. शेजारच्या दाराकडे... मग जिन्याकडे... मग खाली, लांब.

मी दार लावलं. इतक्या वर्षांत आम्हा कुणाला एक शब्द ऐकू आला नव्हता. रेवाला जवळ घेऊन विचारलं, काय ऐकलंस गं?

"दादाजी बोले, कुएँ का पानी मत पीना," ती रंगाचे हात फ्रॉकला पुसत म्हणाली. "और मुझे बाईसाब बोले."

आमच्या सोसायटीत विहीर नाही. तरी त्या दिवसापासून घरातलं पाणी मी उकळूनच देते. सून हसते. हसू दे.

रेवा आता चार वर्षांची आहे, सुलूएवढी. पाच पूर्ण व्हायला अजून वेळ आहे.