सासूचं सूप

माजघरात गौरीपुढं सुपं मांडून झाली, आणि मागच्या पडवीत चुलीवर अळूची भाजी ढवळणाऱ्या सगुणाकाकीच्या कानांनी आतली कुजबुज बरोबर टिपली... सासूचं सूप तिच्या नणंदेला, मथुराआत्यांना द्यायचं ठरलं होतं. तिच्या हातातला डाव थांबला.

नव्या सुनेनं पहिल्या गौरीला फळाफुलांनी भरलेली सुपं ओवाळायची आणि घरच्या वडीलधाऱ्यांना वाण म्हणून द्यायची, हा ओवसा. पहिलं सूप सासूचं. सुनेचा नवरा नितेश; त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हापासून त्याला छातीशी धरलं ते काकीनं. नवरा जहाजावर, कूस रिकामी. अंतःकरणातलं सगळं वात्सल्य तिनं त्या एका पोरावर ओतलं होतं. मग सूप कोणाचं, हे गौरीलाही सांगता आलं असतं. पण गौर बोलत नाही, आणि या घरात आबा बोलले की बाकीचेही बोलत नाहीत.

आबा म्हणजे तिचे थोरले दीर, नितेशचे वडील. जयगड खाडीकाठच्या त्या गावात सरपंचपद त्यांच्याच घरी मुक्कामाला असायचं. मागच्या निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत, गुलालाच्या धुंदीत, नितेशनं विरोधी गटाच्या जैनुद्दीनवर दगड फेकला आणि त्या भल्या खलाशाचा डोळा गेला. आबांनी संध्याकाळच्या आत तोड काढली : टेम्पो चालवणाऱ्या विठूनं गुन्हा अंगावर घ्यायचा. विठूनं मान डोलावली. या घरापुढं ती हलवायची एकच रीत त्याला ठाऊक होती. पण कोर्टात काकी उभी राहिली... "दगड विठूनं नाही मारला. आमच्या नितेशनं मारला. मी पायरीवरून बघितलं." विठू सुटला, नितेश आत गेला, आणि काकीची चूल मागच्या पडवीत आली.

खरी गंमत पुढंच. यंदाच्या प्रचारात आबा माईकवरून गरजले, "आमच्या घरातल्या बाईनं हातावर वाढवलेल्या पोराविरुद्ध साक्ष दिली. असा न्याय दाखवा दुसऱ्या कुठल्या घरात." टाळ्या पडल्या, मतंही पडली. आबा गुलाल घेऊन पुढच्या दारानं आत गेले. काकी मागंच राहिली.

त्याचंही तिला फारसं काही नव्हतं. पण नितेश सुटून आला, बोहल्यावर चढला, तरी एकदाही पडवीकडं फिरकला नाही... ते मात्र रात्रंदिवस काळीज कुरतडत होतं.

एवढ्यात बांगड्या किणकिणल्या. मागच्या दारात नवी सून अक्षया उभी, हातात भरलेलं सूप.

"अगो बाय, इकडं आण ते," आतून आत्या ओरडल्या.

"आणते ना, आत्या. आधी सासूला देते."

"सूनबाई," आबांचा आवाज आला, "त्या दाराला जायचं नाय."

अक्षयानं पदर सावरला. "आबा, भाषणात घेता काकींना. मग घरात घ्यायला काय झालं?"

आत्यांनी हसू लपवायला पदर तोंडावर धरला. आणि अक्षयाच्या मागून नितेश पुढं आला. "काकी..." एवढंच म्हणाला, आणि तिच्या पायांशी वाकला.

"रागावलास ना रे माझ्यावर?"

"लाज वाटत होती गो. विठू माझ्यासाठी आत गेला असता, तर मला बाहेर झोप लागली असती काय? काल जैनुद्दीनचाचांच्या पाया पडायला गेलो, तर ते म्हणाले, काकीला भेटलास काय? नाय म्हटलं, तर त्यांनी चहासुद्धा विचारला नाय."

काकी हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. सूप हातात, पोर कुशीत, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं पाणी डोळ्यांतून मोकळं वाहत होतं...

"काकी," नितेश तिच्या खांद्यावरूनच म्हणाला, "भाजी लागली."

"लागू दे मेली."

आबा उंबऱ्यापाशी आले. माईक नसला की त्यांचा आवाज इतका लहान होतो, हे घराला प्रथमच कळलं. "चुकलो मी, सगुणा. ये आत."

"येते, भावोजी." काकीनं डोक्यावर पदर घेतला. "पण पुढच्या दारानं."

घराला वळसा घालून ती पुढच्या अंगणातल्या खळ्यात आली, मागं नितेश आणि अक्षया. खुर्च्यांवरचे कार्यकर्ते एकेक करून उभे राहिले. गौरीच्या नाचासाठी विठू ढोल वाजवत होता. काकीच्या हातातलं सूप बघून त्याची टिपरी हवेतच राहिली, आणि डोळे भरून आले.

"थांबलास कशाला रे विठू?" काकी म्हणाली. "वाजव. सासू घरात यायची आहे."