मोनोला उजवी बाजू नसते

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही ठोका माझ्या पदरचा नाही.

हे घडलं क्लाइव्ह ऑर्मरॉड यांच्या बाबतीत. माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. उत्तर इंग्लंडातलं स्टॉकपोर्ट. १४ नोव्हेंबर २०१३, गुरुवार. दुपारचे पावणेचार.

हो, दुपारचे. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक नोव्हेंबर आमच्या गावात काढून बघावा. साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.

मामा आपल्या खोलीत एकटेच होते. एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची ही कामाची खोली. दोन मोठे स्पीकर, टेपचं यंत्र, संगणक आणि चहाची किटली. जुन्या रॉकच्या रेकॉर्डी घासूनपुसून पुन्हा विक्रीला तयार करायच्या, म्हणजे रीमास्टर करायच्या, हा त्यांचा धंदा. वय अडुसष्ट, पण कान तिशीतले. आमच्याकडे जेवायला आले की म्हणायचे, "सूनबाई, तुझा फ्रिज आज जरा वरच्या पट्टीत गातोय."

त्या दिवशी टेबलावर टेपचे दोन डबे होते. 'मिलगेट फाइव्ह' नावाच्या बँडची एकुलती एक रेकॉर्ड, १९६८ सालची. एका डब्यात मोनो, दुसऱ्यात स्टिरिओ. दोन्ही नीट करून एकाच पेटीत विकायच्या होत्या.

फरक साधा आहे. मोनोत सगळा आवाज एकाच जागेवरून येतो, समोरून. स्टिरिओत तो डावीकडे आणि उजवीकडे वाटलेला असतो. त्या काळी घरोघरी एकच स्पीकर असायचा. त्यामुळे बँडवाले मोनोत जीव ओतायचे, चहा ढोसत दिवसदिवस स्टुडिओत बसायचे. स्टिरिओ मागाहून तिथला कुणी नोकरदार एका दुपारीत उरकून टाकायचा. तो बघायलाही कुणी फिरकायचं नाही.

या रेकॉर्डचा स्टिरिओ उरकला होता तेवीस वर्षांच्या क्लाइव्हनं.

आणि त्याच दुपारी, त्या स्टुडिओच्याच इमारतीत, बँडचा गायक एडविन पास्क मेला होता.

चार वाजता एडविनची थोरली बहीण येणार होती. ॲव्हिस. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. पेटीत एक पुस्तिका जाणार होती आणि तीत लिहिलं होतं की एडविन पास्क दारूच्या नशेत तळघरात गेला आणि तिथेच मेला. पंचेचाळीस वर्षं हेच छापून येत होतं.

"थेंबाला शिवायचा नाही रे तो," ॲव्हिस फोनवर म्हणाली होती. "दमा होता त्याला. क्लाइव्ह, तू होतास ना तिथे? तू एक शब्द बोललास तर कंपनीवाले ती ओळ काढतील. उद्या छापायला जातंय सगळं."

मामांनी "बघू" म्हटलं होतं.

ते दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर आले. संगणकावर दोन्ही प्रती जोडीनं चालत होत्या. कळ दाबली की मोनो, पुन्हा दाबली की स्टिरिओ. असं करत करत फरक टिपायचे.

या गाण्याच्या शेवटच्या मिनिटात, स्टिरिओत, एडविनच्या आवाजामागचा घुमारा एकाएकी नाहीसा होतो. आवाज कोरडा पडतो. जुन्या रेकॉर्डींचे शौकीन या जागेवर जीव ओवाळून टाकतात. काय धाडस, काय कल्पकता, असे लेखच्या लेख आहेत. मामा ते कधी वाचायचे नाहीत.

स्टिरिओ... घुमारा गेला.

कळ दाबली. मोनो... घुमारा आहे.

आणि घुमाऱ्याच्या आत...

ठक. ठक. ठक.

जरा थांबून...

ठक. ठक.

मामांनी गाणं थांबवलं. दाराकडे बघितलं. दाराबाहेर कुणी नव्हतं. किटली बंद होती.

पुन्हा लावलं.

ठक. ठक. ठक... ठक. ठक.

त्यांनी दुसरं गाणं लावलं. त्यातही तेच. पहिलं लावलं. तेच. आदल्या आठवड्यात हीच टेप त्यांनी चार वेळा ऐकली होती आणि ती स्वच्छ होती.

त्यांनी मोनोचा डबा उचलला. वर त्यांच्याच अक्षरात तारीख होती, ६ मार्च १९६८. स्टिरिओच्या डब्यावर १३ मार्च.

म्हणजे मोनो आठवडाभर आधीची. त्या दिवशी एडविन धडधाकट होता. क्लाइव्हच्या मागच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होता, त्याच्या केसांवरून त्याची चेष्टा करत होता.

मोनोत हे ठोके असूच शकत नव्हते.

कारण हे ठोके मामांनी आयुष्यात एकदाच ऐकले होते. १३ तारखेला.

स्टुडिओच्या तळघरात एक खोली होती. चारी बाजूंना चकचकीत फरश्या, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. वरून गाणं त्या खोलीत सोडायचं. ते भिंतींवर आपटून घुमायचं. तो घुमारा माइकनं वर घ्यायचा आणि गाण्यात मिसळायचा. सगळे तिला 'विहीर' म्हणायचे. जाड दार, बाहेरून कडी. नियम असा की काम सुरू करण्याआधी खाली जायचं, दिवा लावून खोली रिकामी आहे ना ते बघायचं, मगच कडी घालायची.

त्या बुधवारी क्लाइव्हनं दिवा लावला नाही. पाच वाजायच्या आत काम उरकायचं होतं आणि ज्याला कुणी विचारत नाही असलं ते स्टिरिओचं काम. त्यानं अंधारातच कडी सरकवली आणि वर आला.

त्यानं घुमारा उजव्या बाजूला ठेवला होता. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी उजवीकडून ठोके आले.

पाइप असतील, तो स्वतःशी म्हणाला.

ठोके थांबेनात. तेव्हा त्यानं उजवीकडचा घुमारा बोटानं खाली ओढला. पार तळापर्यंत. गाणं पुरं झालं, पुढची झाली, पाच वाजता तो घरी गेला.

सकाळी कडी काढली ती त्यानंच. एडविन दाराला टेकून बसला होता, गार पडलेला; दम्यानं हाक मारण्याइतकाही श्वास उरला नसणार. छाती भरून आली की थंड फरशीवर पडायला तो तिथे जायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लाइव्हलाही होतं. कोपऱ्यात कुणा कामगाराची जुनी रिकामी बाटली होती. पोलिसांना बाटली दिसली. क्लाइव्ह म्हणाला, "मी आधी खोली बघितली होती. रिकामी होती. कडी नव्हतीच लावलेली, दार नुसतं लोटलेलं होतं."

त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता तेच ठोके समोरून येत होते. दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधून, जिथे काहीच नव्हतं तिथून. मामांचा हात सवयीनं उजव्या बाजूच्या बटणाकडे गेला.

पण मोनोला उजवी बाजू नसते. ठोके कमी करायचे तर एडविनचं गाणंही कमी करावं लागत होतं.

दारावर टकटक झाली आणि मामा खुर्चीतून जवळजवळ पडलेच.

"अरे, मी आहे! तीन मजले आणि लिफ्ट नाही," ॲव्हिस धापा टाकत आत आली. हातात केकचा पत्र्याचा डबा. "तोंड का असं पांढरंफटक? जेवलास का काही? का अजून टोस्टवरच जगतोस?"

"जेवलो."

"खोटारडा. घे, पार्किन केलंय, आल्याचा केक. आता लाव बघू आमच्या एडीला. मोनो लाव, त्याला तेच आवडायचं."

मामांनी लावलं. दुसरं काय करणार होते?

ॲव्हिस डोळे मिटून बसली. एडविन गायला लागला. आणि मामांना त्याच्या प्रत्येक ओळीखाली ऐकू येत होतं... तीन... मग दोन. ॲव्हिसचा चेहरा शांत होता.

गाणं संपलं.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "त्यांना फोन करशील ना रे? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मला दुसरं काही नको. बेवडा म्हणून नको त्याला छापायला."

मामांनी तोंड उघडलं.

"ॲव्हिस... त्या दिवशी ते दार..."

पुढचं गाणं सुरू झालं होतं. त्यातले ठोके थांबले. एकदम थांबले... कुणीतरी पलीकडून कान लावावा तसे. मामांना वाटलं, आता सांगून टाकावं. ओठांवर आलं होतं.

"ते दार... लोटलेलं होतं," ते म्हणाले. "मी खोली बघितली होती, ॲव्हिस. रिकामी होती. पुढचं मला खरंच काही माहीत नाही."

ठक. ठक. ठक.

मोठ्यानं. टेबलावरचा चमचा हलला.

ठक. ठक.

ॲव्हिसनं डोळे उघडले. ती दाराकडे बघत होती.

"कुणी दार वाजवतंय का रे?"

"छे," मामा म्हणाले. "पाइप असतील."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग उठली, कोट घातला आणि गेली. केकचा डबा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी पुस्तिका छापायला गेली, त्या ओळीसकट.

पंधरवड्यात मामांचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, वय झालं. उजवा चांगला राहिला. त्या उजव्या कानात ते ठोके दिवसभर चालू असायचे. दुकानातल्या रेडिओत, आमच्या टीव्हीत, नातीच्या बाहुलीच्या गाण्यात. मामा आमच्याकडे यायचे बंद झाले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत छातीत पाणी झालं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. एका रविवारी मी एकटीच भेटायला गेले होते. तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी वर लिहिलंय ते, असंच, याच क्रमानं.

"ॲव्हिसला तू सांग, सूनबाई. मी गेल्यावर सांग," ते म्हणाले.

मला संताप आला. खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा संताप येऊ नये, पण आला.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "उद्या चार वाजता मी तिला इथे घेऊन येते. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले.

सोमवारी चारला पाच मिनिटं असताना मी ॲव्हिसचा हात धरून त्या मजल्यावर पोहोचले. नर्स समोरच भेटली. तरुण होती बिचारी, रडकुंडीला आली होती.

"माफ करा हं... आत्ताच गेले. अर्धा तास झाला असेल. श्वास कोंडला."

"एकटेच होते?"

"कोपऱ्यातली खोली आहे ना... दार आपोआप लोटलं जातं तिचं. त्यांची घंटा खाली पडली होती." तिनं डोळे पुसले. "दुपारभर ठोके ऐकू येत होते हो. खाटेच्या दांडीवर वाजवत असणार ते. मला वाटलं, गरम पाण्याचे पाइप वाजतायत."

ॲव्हिसनं माझा हात सोडला.

"कसे ठोके?"

नर्सनं टेबलावर वाजवून दाखवले. तीन... मग दोन.

ॲव्हिस बाकावर बसली.

"एडी लहानपणी उशिरा आला की मागचं दार असं वाजवायचा," ती म्हणाली. "वडिलांना कळू नये म्हणून. मी उठून उघडायचे. क्लाइव्हच्या खोलीत त्या दिवशी ऐकलं मी. उठणारच होते. तो म्हणाला, पाइप आहेत."

मग तिनं विचारलं, "काय सांगायचं होतं त्याला मला?"

मी सांगितलं. तिथेच, त्या बाकावर. कडी, दिवा, बाटली, सगळं.

"म्हणजे प्यायला नव्हता," ॲव्हिस म्हणाली.

"नाही."

"आणि ते छापून झालं."

"हो."

ती उठली आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत गेली. लोटलेलं दार तिनं पूर्ण उघडलं आणि खाली आपली पर्स ठेवली, ते परत मिटू नये म्हणून. आत गेली नाही.

ती पेटी आमच्या कपाटात आहे. नवऱ्यानं मोनो एकदा लावून बघितली. स्वच्छ आहे म्हणतो. मी ऐकलेली नाही आणि ऐकणारही नाही.

पण आमच्या घरातले पाइप हिवाळ्यात वाजतात. वाजले की मी हातातलं काम टाकून उठते आणि मागचं दार उघडते. नवरा हसतो.

बहुतेक वेळा बाहेर कुणी नसतं.