दुसरी पट्टी

आटगावच्या ज्या शेडमध्ये मी कामाला आहे तिथे आर्टेमिया वाढवतात. खाऱ्या पाण्यातला नखाएवढा जीव, कोळंबीच्या पिल्लांचं खाणं. अंडी सुकी, तपकिरी भुकटीसारखी. डब्यात वर्षानुवर्षं मेल्यागत पडून राहतात, मिठाच्या पाण्यात घातली की पोहायला लागतात. आम्ही त्यांचा डीएनए वाचून खुणा ठरवतो, म्हणजे कुठला माल कुठल्या जातीचा ते ओळखता यावं. आमच्या जातीत नर नाहीच. मादी एकटीच अंडी घालते, लेकीच्या खुणा आईच्याच. जेल म्हणजे डीएनए पसरवून बघायची पारदर्शक चकती; बाप नसल्यानं तिच्यावर प्रत्येक खुणेला एकच पट्टी येते.

माझा पाडा डोळखांबच्या पुढे. रस्ता नाही. असता तर माझी बायको अनिता वेळेत शहापूरच्या दवाखान्यात पोचली असती आणि मला हे लिहावं लागलं नसतं. मुलगी झाली. रडली नाही.

एवढ्या लहान पोराला आमच्यात जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. आईनं घरातलं मीठ घेतलं. ते शेडमधल्या फाटक्या गोणीतलं, मीच लोणच्यासाठी आणलेलं. त्याला अंडी चिकटलेली असणारच.

भाताची आवणी उरकली तेव्हा बांधाकडची, तिला पुरलं तिथली माती खचली, वर पाणी साचलं. पाण्यात तांबूस काहीतरी हलत होतं. अनितानं ते टोपात भरून घरी आणलं. तेव्हापासून ती टोपाजवळच. जेवण नाही, बोलणं नाही.

"तुज्या कंपनीचे किडे हायेत ते," आई म्हणाली. "सांग तिला. नायतर सून पण जाईल माजी."

सांगितलं. अनितानं ऐकून घेतलं आणि टोपात विहिरीचं पाणी ओतलं. ती रोजच ओतायची. मी शेडमधला खारेपणा मोजायचा मीटर आणून बुडवला. पाणी गोडं निघालं. गोड्या पाण्यात आर्टेमिया मरतो. हे वाढत होते.

बाटलीत थोडे घेऊन मी कामावर गेलो. आमच्याच खुणा निघाल्या की अनितासमोर टोप ओतून टाकायचा, एवढंच ठरवलं होतं.

डीएनए तपासायचं मशीन प्रणय चालवतो. मुरबाडचा आहे, तोंडाचा फटकळ. त्यानं जेल दिव्यावर धरलं.

"कुठलं सॅम्पल रे हे?"

"घरचं."

"नर कुठून आणलास?"

"नाय आणला."

"मग ही दुसरी पट्टी काय आभाळातून पडली?"

प्रत्येक खुणेला दोन पट्ट्या होत्या. एक आमच्या मालाची. दुसरी कुणाचीच नाही. प्रणयनं नवीन केमिकल घेऊन परत लावलं. तेच. मग सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए अक्षर न् अक्षर वाचायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यानं नोंदलेल्या साऱ्या जातींशी ताडून बघितलं.

"आई आपली," तो म्हणाला. "बाप कुठेच सापडत नाय. शोध बाबा, पेपर छापू आपण."

मी हसलो. काही वाटलं नाही. वाटेत शेणव्याला गाडीत पेट्रोल टाकलं, रस्ता संपतो तिथे गाडी लावली आणि चालत घरी आलो.

"झाला का निकाल?" आईनं ओट्यावर विचारलं.

"झाला."

"मग फेक ते."

भर दुपार होती. दारातून ऊन थेट टोपावर पडलं होतं. हे जीव उजेडाकडे धावतात, पहिल्या दिवशीच शिकवतात आम्हाला. इथे सगळे पलीकडच्या सावलीत, टोपाच्या काठाला चिकटून होते. त्या बाजूला अनिता बसली होती.

मी उचलायला वाकलो. टोपाचे काठ धरले.

पाणी हललं नाही. ते हलले.

हळूहळू त्यांच्यातले निम्मे सुटे झाले. टोपातलं पाणी ओलांडून माझ्याकडे आले आणि माझ्या बोटांपाशी थांबले.

निम्मे तिच्याकडेच राहिले.

अनितानं मान वर केली. किती दिवसांनी.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश. घाबरतील."

मी बसलो.

आई बाहेरून हाका मारत होती. मी ओ दिली नाही. श्वाससुद्धा हळू घेत होतो.