पांढऱ्या गाडीतली शिट्टी

गाडीखाली माणूस आहे हे तिला ठाऊक असतं, तर तिनं हॉर्न वाजवलाच नसता.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ती सकाळपासून हिंडत होती. गाड्यांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून तिनं आरसा हलवला, स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे फिरवलं, आणि पुढे काय करावं ते न सुचून हॉर्न दाबला. खालून ठण्णकन आवाज आला. मग बंपरखालून दोन बूट बाहेर आले, त्यामागून तेलकट पँट, आणि शेवटी कपाळ चोळणारा एक तरुण.

"हॉर्न उत्तम आहे," तो म्हणाला. "आणखी काही तपासायचंय... की मी परत खाली जाऊ?"

ती चांगलीच ओशाळली. "सॉरी हं... मला खरंच दिसला नाहीत तुम्ही. फार लागलं का?"

उत्तर द्यायला त्यानं किंचित वेळ घेतला. तो तिच्याकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही — ओठांकडे. अगदी टक लावून. आणि मग एकदम हसला.

"लागलं असेल तर गाडीला. माझं डोकं टणक आहे."

त्याला सगळे तपासनीस म्हणत. जुनी गाडी घेणारी माणसं त्याला बोलावत; तो खाली शिरे, वर चढे, इंजिनला कान लावी आणि घ्या किंवा घेऊ नका म्हणून सांगे. विकणाऱ्यांना तो आवडत नसे, पण त्यानं 'घ्या' म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी आवारात दिसत नसे, म्हणून त्याला चहा मिळे. पांढऱ्या गाडीखाली तो ज्या गिऱ्हाइकासाठी शिरला होता, ते गिऱ्हाईक तेवढ्यात बेत बदलून निघून गेलं होतं.

तीही तपासणारीच होती, पण कान. हॉस्पिटलात लोकांना किती ऐकू येतं ते बघणं हे तिचं काम. हॉस्पिटलनं कानाचा विभाग नदीपलीकडच्या नव्या इमारतीत हलवला, आणि तेव्हापासून तिची दोन बसमध्ये रोज परवड चालली होती. ती पोचेपर्यंत पेशंट घड्याळाकडे बघून बघून कंटाळलेले असत. तिला गाडी हवी होती ती फक्त जायला-यायला. लहान, कमी खाणारी, एक माणूस आणि एक छत्री नेणारी.

आवारात तशा दोनच होत्या. ही पांढरी, आणि कोपऱ्यात उभी असलेली एक निळी.

"पांढरी पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते," तपासनीस म्हणाला. "निळी जरा खादाड आहे. पण स्वभावानं शांत. फार बोलत नाही."

"तुम्ही गाड्यांबद्दलच सांगताय ना?"

"सध्या तरी."

ती हसू दाबत होती, आणि तो ते दाबलेलं हसूसुद्धा बघत होता.

त्याची कामाची एक रीत होती. आवारात गोल चक्कर मारून तो कधी मत देत नसे. गिऱ्हाईक रोज ज्या रस्त्यानं जाणार, त्याच रस्त्यानं, त्याच वेळी गाडी चालवून बघायची. "एक दिवस पांढरी, एक दिवस निळी," त्यानं सांगितलं. "चालवायचं तुम्ही. मी शेजारी बसून ऐकणार."

"काय ऐकणार?"

"गाडीचं. तुमचंही चालेल."

असे त्यांचे फेरे सुरू झाले. सकाळचं कोवळं ऊन काचेवर पसरलेलं असे. कधी भुरभुर पाऊस येई आणि पांढरीचा वायपर एकाच बाजूला कुरकुरे. तो शेजारच्या सीटवर तिच्याकडे पूर्ण वळून बसे. ती बोलू लागली की त्याची नजर तिच्या ओठांवर येऊन थांबे, आणि ती गिअर बदलायचं विसरे.

"गाडी ओरडतेय," तो म्हणे. "तिसरा टाका."

"तुम्ही समोर बघाल का जरा?"

"समोर बघायचं काम तुमचं आहे."

फक्त पुलावर ती गप्प होई. नदीवरचा पूल अरुंद होता, समोरून मोठमोठे ट्रक येत आणि तिला लायसन्स मिळून फार काळ झाला नव्हता. पूल सुरू झाला की ती ओठ मिटून घेई, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरी आणि पलीकडे टेकेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घेई. कठड्याच्या सावल्या तिच्या हातांवरून सरसर जात. तेव्हा तोही बोलत नसे. पूल संपला की दोघांनाही काहीतरी बोलायचं आठवे.

घरी आत्या होती. आईवडिलांमागे तिला वाढवणारी, गरज नसलेला प्रत्येक दिवा बंद करत हिंडणारी. आत्याचं मत अर्थातच पांढरीला.

"सारखा बघतो गं तो," एका संध्याकाळी ती आत्याला म्हणाली.

"कुठे? रस्त्याकडे?"

"माझ्याकडे... म्हणजे तोंडाकडे."

"काही लागलं होतं का तोंडाला?"

"आत्या!"

"मग बघू दे की, ठमे. गाडी तपासायला बसलाय आणि गाडी सोडून बघतोय... म्हणजे गाडीत तरी काही खोट नाही, नाहीतर त्याच्या मनात तरी काही आहे. तू पांढरी घे. त्याचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं लिपस्टिक लावली. कुणासाठी नाही, आपलं असंच. नेहमी येणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचा हात थोपटला. तिच्या मनात काय चाललं होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि तोही पडलाय अशी तिची खात्री होती. माणूस उगीच का कुणाच्या ओठांकडे असं बघेल?

मग ती शिट्टी आली.

पांढरीची पाळी होती. पूल ओलांडून तिनं वेग वाढवला, तेव्हा इंजिनाच्या बडबडीच्या वर कुठेतरी एक बारीक सूर वाजू लागला. केसासारखा बारीक. दिवसभर असलेच सूर ऐकवण्यात तिचा जन्म चालला होता. तिला तो लगेच टोचला.

"ही शिट्टी कसली हो?"

"शिट्टी?" त्यानं मान कलती केली. डॅशबोर्डवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "नाही... काही नाही. गाडी ठणठणीत आहे. डोळे झाकून घ्या पांढरी."

शिट्टी वाजतच होती. तो हसून तिच्याकडे बघत होता.

संध्याकाळी तिनं विकणाऱ्याला सहज विचारलं. "शिट्टी ना? वाजते की," तो म्हणाला. "मला वाटलं, तपासनीसांना चालतेय म्हणजे तसं काही नसणार."

"त्यांना ऐकू आली असेल?"

"न यायला काय झालं? मलासुद्धा येते!" आणि तिच्यासाठी चहा मागवत त्यानं भर घातली, "मोठा भला माणूस हो. त्यांनी मान हलवली की माझी गाडी गेलीच समजा."

तिला चहा गोड लागेना. कुठेतरी पाणी मुरत होतं. गोड बोलायचं, टक लावून बघायचं आणि खराब गाडी गळ्यात मारायची — दोघं एकाच माळेचे मणी! गाडीचं तिला तितकं वाटलं नाही. बघण्याचं वाटलं. बाहेर येऊन तिनं लिपस्टिक मनगटानं पुसून टाकली.

सकाळी ती भांडायच्या तयारीनंच आवारात शिरली. तपासनीस निळीचं बॉनेट उघडून पाठमोरा वाकला होता.

"तुमच्याशी बोलायचंय."

तो वळला नाही.

"ऐकायचंच नाहीये, असं दिसतंय. त्या शिट्टीबद्दल तुम्ही सरळ कानांवर हात ठेवलेत..."

तो फडक्यानं काहीतरी पुसत राहिला. रागानं तिच्या हातातल्या किल्ल्या सुटल्या आणि फरशीवर खळ्ळकन पडल्या. फाटकाजवळ झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. तपासनीस हललासुद्धा नाही. ती दोन पावलं पुढे गेली, तिची सावली इंजिनवर पडली, आणि तेव्हा कुठे तो वळला. चेहरा उजळला. नजर आली ती थेट तिच्या ओठांवर.

"अरे! कधी आलात?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाठमोरं असलं की ओ देत नाहीत का? बारीक आवाज जातात का? बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात का? — पेशंटच्या बायकामुलांना हे प्रश्न ती रोज विचारत होती. आणि हा माणूस इतके दिवस तिच्या शेजारी बसला होता!

तो लबाड नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला... पण दुसऱ्याच क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली. म्हणजे ते बघणं तेवढ्यासाठीच होतं. ज्याला ती प्रेम समजून बसली होती, ते तिच्याच खात्यातलं एक साधं लक्षण होतं.

"तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत," ती सावकाश म्हणाली. "कधीपासून?"

तो फडक्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "आधी इंजिनच्या कारखान्यात होतो. चाचणीच्या खोलीत. कान झाकले तर इंजिन ऐकणार कसं, म्हणून कधी झाकले नाहीत... हळूहळू गेलं. कुणाला बोललो नाही. माझं पोटच कानांवर आहे हो."

"पांढरीत शिट्टी आहे."

"खरंच?"

"खरंच."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं पांढरीचं बॉनेट उघडलं, पट्टा सैल केला, पुली हातानं फिरवून बघितली आणि तसाच उभा राहिला. "बेअरिंग गेलंय. आज ना उद्या पट्टा तुटला असता. पुलावर... ट्रकसमोर. आणि मी म्हणालो, डोळे झाकून घ्या."

"मी तुम्हाला गाडी तपासायला दिली," ती म्हणाली. "आता तुम्ही मला कान द्या. उद्या हॉस्पिटलात या."

तो आला. आवाज आत न येणाऱ्या छोट्या खोलीत त्याला बसवून, हेडफोन लावून, हातात बटण देऊन तिनं दार लावलं आणि काचेच्या अलीकडे आपल्या खुर्चीवर बसली. आवाज आला की बटण दाबायचं. जाड सुरांना त्याचा अंगठा तत्पर होता. सूर जसजसे बारीक झाले, तसा अंगठा नुसता वाट बघत राहिला. मग शब्दांची पाळी आली. त्यासाठी तिच्याकडे एक जाड पुठ्ठा होता. तो तोंडासमोर धरूनच बोलायचं, म्हणजे पेशंटला ओठ वाचता येत नाहीत. नोकरीला लागल्यापासून हा नियम तिनं एकदाही मोडला नव्हता.

चाचणी संपली. तिनं माइक बंद केला, पुठ्ठा बाजूला ठेवला आणि यंत्रावरचे आकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "आणि मी वेडी... लिपस्टिक लावून गाडी चालवत होते. मला वाटलं, माझ्याकडे बघतोय."

मान वर केली तर काचेपलीकडे तपासनीस कानशिलांपर्यंत लाल झालेला.

त्याच्या बाजूचा माइक चालूच होता. "तुम्ही पुठ्ठा खाली ठेवलात," त्याचा आवाज आला.

तिनं घाईघाईनं पुठ्ठा उचलला आणि अख्खा चेहराच त्याच्यामागे लपवला. आता खोलीत पुठ्ठ्यामागे ती, काचेमागे तो, आणि मधे यंत्राचा हिरवा दिवा.

"पूल आठवतो?" तो म्हणाला.

पुठ्ठा हलला नाही.

"पुलावर तुम्ही एक अक्षर बोलत नाही. ओठ घट्ट मिटलेले असतात. पूर्ण पूलभर." तो अडखळला... "मग पुलावर मी काय ऐकत होतो, सांगा?"

तिला आठवलं. कठड्याच्या सावल्या, गच्च धरलेलं स्टिअरिंग, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, पलीकडे टेकेपर्यंत तिच्याकडेच वळलेला त्याचा चेहरा. पुठ्ठा हळूहळू खाली आला. तिनं माइक चालू केला, आणि नोकरीतला आवाज काढायचा फार प्रयत्न केला.

"दोन्ही कानांना मशीन लावावं लागेल. लहानसं असतं."

"लावू."

"आणि गिऱ्हाइकांना खरं सांगावं लागेल."

"पहिल्या गिऱ्हाइकानं तर मला आधीच पकडलंय. आता काय राहिलं लपवायचं?"

"आणि... गाडी?" तिनं विचारलं. "बेअरिंग बदललं की पांढरीच ना? आत्याचंही तेच मत आहे."

त्यानं नकारार्थी मान हलवली. "पांढरीचं इंजिन फार बडबडं. त्यात तुमचं बोलणं मला नीट कळणार नाही. निळी घ्या."

"निळी पेट्रोल पिते. तुम्हीच म्हणाला होतात."

आजवर लोकांना थेंब थेंब पेट्रोल वाचवायला शिकवत आलेला तपासनीस काचेतून तिच्याकडे बघत राहिला. या वेळी ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

"पिऊ दे," तो म्हणाला.